मोटारचे पेट्रोल आणि लहान विमाने : नाशिक परिसराच्या संदर्भात एक विवेचन

नाशिक जिल्ह्यात मनमाडजवळ पानेवाडी येथे तेलकंपन्यांची मोठी साठवणकेंद्रे आहेत. मुंबईतील माहूलच्या शुद्धीकरण-कारखान्यातून निघणारे पेट्रोल, डिझेल इत्यादी पदार्थ सुमारे अडीचशे किलोमीटर लांबीच्या नळातून येथवर येतात आणि येथून टँकरने व रेल्वेने दूरवर जातात. २००१ साली पेट्रोलमध्ये ५ टक्के एथनॉल मिसळून ते पंपांवर विकण्याचे जे प्रयोग देशात प्रथम झाले, त्यांसाठी तीन ठिकाणे निवडण्यात आली : महाराष्ट्रातील मिरज व मनमाड, आणि उत्तर प्रदेशात बरेलीनजीकचे आंवला. २००३ च्या जानेवारीत ही योजना नऊ राज्यांत व चार केंद्रशासित प्रदेशांत लागू झाली. जून २०२२ मध्ये मिश्रणाचे प्रमाण १० टक्क्यांवर पोहोचले आणि २०२५ मध्ये २० टक्के झाले. या घटनेचा विचार सामान्यतः ऊस, साखर आणि परकीय चलन यांच्या अनुषंगाने केला जातो. परंतु तिने आणखी एका प्रश्नाचा जवळजवळ निकाल लावला, आणि त्याची वाच्यता फारशी झालेली नाही. लहान, दट्ट्याच्या इंजिनाची विमाने मोटारच्या पेट्रोलवर चालवावीत की नाही, हा तो प्रश्न होय.

नाशिक शहराच्या परिसरापुरते बोलावयाचे तर हा प्रश्न वरकरणी गैरलागू वाटेल. ओझर येथील हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना १९६४ साली मिग-२१ विमानांच्या निर्मितीसाठी उभा राहिला आणि तेथील विमाने तेव्हापासून मुख्यतः झोतयंत्रांची आहेत; गांधीनगरच्या धावपट्टीवरून उडणारी सैन्याची हेलिकॉप्टरेही टर्बाइनवर चालतात. या यंत्रांना लागते ते केरोसिनच्या जातीचे इंधन. परंतु मुंबई-आग्रा रस्त्याने सुमारे दीडशे किलोमीटर पुढे गेले की धुळे येते. तेथे व जवळच शिरपूरला, तसेच दक्षिणेकडे बारामतीला, वैमानिक घडविणाऱ्या संस्था आहेत आणि त्यांतील बहुसंख्य विमाने दट्ट्याच्या इंजिनाची आहेत. सेसना १५२ व १७२ ही त्यांतील सर्वपरिचित नावे. या विमानांना लागणारे '१०० एलएल' या नावाचे विमान-पेट्रोल भारतात २०२२ पर्यंत परदेशांतूनच आणावे लागत असे. त्या वर्षीच्या २६ सप्टेंबरला इंडियन ऑइलने बडोद्याच्या कारखान्यात तयार केलेले स्वदेशी १०० एलएल प्रथम बाजारात आणले. आयात केलेल्या, अल्प खपाच्या आणि वेगळ्या टाक्यांतून वाहून न्याव्या लागणाऱ्या द्रव्याची किंमत मोटारच्या पेट्रोलपेक्षा पुष्कळच अधिक असणार, हे उघड आहे. आणि उड्डाणाच्या प्रत्येक तासाचा खर्च शेवटी विद्यार्थ्याच्या पालकाच्या खिशातून येतो. तेव्हा रस्त्यापलीकडच्या पंपावर मिळणारे पेट्रोल विमानात का घालू नये, ही शंका मुळीच बालिश नाही. तिचे उत्तर मात्र एका वाक्यात देता येण्याजोगे नाही.

इतिहासाकडे पाहता मोटारचे पेट्रोल आणि विमानाचे पेट्रोल ही एकाच घरातील भावंडे होत. १९२८ साली जुहू येथे मुंबईचा फ्लाइंग क्लब स्थापन झाला तेव्हा शिकाऊ वैमानिकांच्या हाती येई ते डी हॅविलँड कंपनीचे मॉथ विमान. त्याच्या जिप्सी इंजिनाचे संपीडन-गुणोत्तर ५ च्या आसपास होते आणि इंधनाविषयी त्याची तक्रार फारशी नसे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन निघाले, वाटेत अहमदाबादेस उतरले आणि तेथे त्यांच्या पस मॉथसाठी बर्मा-शेलचे पेट्रोल बैलगाडीतून आले, ही हकीकत प्रसिद्ध आहे. दोन्ही इंधनांच्या वाटा खऱ्या अर्थाने फुटल्या त्या पुढील दशकात. लढाऊ विमानांच्या इंजिनांना अधिक शक्ती हवी होती, त्यासाठी अधिक संपीडन हवे होते, आणि ते सोसणारे इंधन रसायनशास्त्रज्ञांना मुद्दाम घडवावे लागले.

येथे ऑक्टेन-अंकाचा विचार क्रमप्राप्त आहे. सिलिंडरमध्ये ठिणगी पडल्यावर ज्वाला एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकत जाते. तिच्या पुढे असलेले, अद्याप न जळलेले मिश्रण या काळात दाबले जाऊन तापत असते. ज्वाला पोहोचण्यापूर्वीच ते आपण होऊन पेटले तर दाबाची तीव्र लाट उठते आणि धातूवर हातोडी मारल्यासारखा आवाज येतो. यालाच कारागीर नॉकिंग म्हणतात. मोटारीत हा आवाज चालकाला ऐकू येतो व तो पाय उचलतो. विमानात पंख्याच्या आणि वाऱ्याच्या कोलाहलात तो ऐकू येत नाही. वैमानिकाला पहिली सूचना मिळते ती बहुधा इंजिनाचा जोर कमी झाल्यावर, म्हणजे दट्ट्याच्या माथ्याला इजा होऊन गेल्यावर.

इंधनाची नॉकिंगला दाद न देण्याची शक्ती ऑक्टेन-अंकाने मोजतात. आयसो-ऑक्टेनला १०० आणि नॉर्मल हेप्टेनला शून्य अशी ही मोजपट्टी आहे. पण मोजण्याच्या रीती दोन आहेत. 'रिसर्च' रीतीत प्रमाणित इंजिन मिनिटाला ६०० फेरे घेते आणि आत जाणारी हवा सुमारे ५२ अंश सेल्सिअस असते; 'मोटर' रीतीत फेरे ९०० आणि मिश्रणाचे तापमान सुमारे १४९ अंश. दुसरी कसोटी अर्थातच कठोर आहे, म्हणून एकाच पेट्रोलचा मोटर-अंक हा रिसर्च-अंकाहून सामान्यतः ८ ते १२ ने कमी भरतो. भारतीय मानकाप्रमाणे साध्या पेट्रोलचा रिसर्च-अंक किमान ९१ व मोटर-अंक किमान ८१ असावा लागतो. १०० एलएल विमान-पेट्रोलचा '१००' हा मात्र मोटर-अंकाच्या जवळचा आहे : मानकात तो किमान ९९.६ धरलेला आहे. २०२० च्या डिसेंबरपासून देशातील काही पंपांवर १०० ऑक्टेनचे म्हणून जे महाग पेट्रोल मिळू लागले, त्याचा १०० हा रिसर्च-अंक होय. दोन्हीकडे आकडा एकच दिसतो, पण मोजपट्ट्या भिन्न आहेत. हा घोटाळा केवळ सामान्य माणसाचाच होतो असे नव्हे. अभियांत्रिकीच्या पदवीधरांच्या बोलण्यातही तो आढळतो.

विमानाच्या इंजिनाला एवढा ऑक्टेन-अंक का लागावा? याचे उत्तर संपीडन-गुणोत्तरापेक्षा सिलिंडरच्या आकारात अधिक आहे. लायकमिंग कंपनीच्या ओ-३२० या प्रसिद्ध इंजिनाच्या सिलिंडरचा व्यास १३० मिलिमीटर आहे, इंजिन हवेने थंड होते आणि पंखा सरळ भुजदंडावर बसविलेला असल्याने वेग मिनिटाला २७०० फेऱ्यांवर नेता येत नाही. याचा अर्थ ज्वालेला दूर जावयाचे असते, भिंती तप्त असतात आणि वेळही भरपूर असतो. आपोआप पेट घेण्यास टोकाकडील मिश्रणाला याहून अनुकूल परिस्थिती कोणती? याउलट ऑस्ट्रियातील रोटॅक्स कंपनीने १९८९ च्या सुमारास आणलेल्या ९१२ मालिकेतील इंजिनांचा सिलिंडर ८० मिलिमीटरच्या आगेमागे आहे, त्याचा माथा पाण्याने थंड ठेवलेला आहे आणि इंजिन मिनिटाला साडेपाच हजारांपर्यंत फिरून दंतचक्रांमार्फत पंख्याला हळू फिरविते. त्यामुळे संपीडन-गुणोत्तर ९ असूनही ८० अश्वशक्तीच्या नमुन्याला ९० रिसर्च-अंकाचे पेट्रोल पुरते. लायकमिंगच्या साडेआठ गुणोत्तराच्या इंजिनाला मात्र १०० एलएल हवे. मोठा सिलिंडर हा येथे खरा आरोपी आहे.

नाशिकच्या पठाराचाही या हिशेबात वाटा आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर हवेचा प्रमाण-दाब ९४३ हेक्टोपास्कल, म्हणजे समुद्रकाठच्या ९३ टक्के इतका असतो. दमयंत्र नसलेल्या इंजिनात यामुळे कमी मिश्रण शिरते आणि नॉकिंगची भीती थोडी घटते. पण वैशाखातल्या ४० अंशांच्या दुपारी आत येणारी हवाच तप्त असल्याने हा लाभ बराचसा नाहीसा होतो. शिवाय अशा वेळी हवेची घनता प्रमाण-वातावरणातील सुमारे १६५० मीटर उंचीइतकी विरळ झालेली असते; विमान अधिक लांब धावते, हळू चढते आणि इंजिन पूर्ण जोरावर अधिक काळ राहते.

ऑक्टेन-अंक वाढविण्याचा सर्वांत स्वस्त उपाय १९२१ साली अमेरिकेत थॉमस मिजली यांना सापडला. टेट्राएथिल शिसे हा तो पदार्थ होय. मोटारींतून शिसे गेले. भारतात १ फेब्रुवारी २००० पासून सर्वत्र शिसेविरहित पेट्रोल आले. विमान-पेट्रोलमध्ये ते राहिले. १०० एलएल या नावातील 'एलएल' म्हणजे 'अल्प शिसे'. परंतु अल्प म्हणजे लिटरमागे ०.५६ ग्रॅमपर्यंत. जुन्या हिरव्या १००/१३० च्या तुलनेतच ते अल्प होय. जुन्या लहान विमानांसाठी असलेले तांबडे ८०/८७ पेट्रोल यापेक्षा सौम्य होते, त्यात लिटरला ०.१४ ग्रॅमहून अधिक शिसे नसे. हिंदुस्थान एरोनॉटिक्सचे पुष्पक विमान १९५८ साली प्रथम उडाले आणि पुढे भारतातील फ्लाइंग क्लबांचे भरवशाचे वाहन ठरले. त्याचे कॉन्टिनेन्टल सी-९० इंजिन सात गुणोत्तराचे, म्हणजे याच ८०/८७ च्या वर्गातले. सेसना १५० चे ओ-२०० इंजिनही तसेच.

८०/८७ चे उत्पादन हळूहळू बंद पडले आणि या इंजिनांच्या वाट्याला चौपट शिशाचे निळे १०० एलएल आले. कमी गुणोत्तराच्या, कमी तापणाऱ्या या इंजिनांत शिशाची संयुगे पूर्णपणे बाहेर पडत नाहीत. ती ठिणगी-प्लगच्या टोकांवर साचतात, झडपांच्या दांड्यांवर चढतात आणि झडप अडकून बसते. अमेरिकेतील हौशी वैमानिकांच्या 'एक्सपेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन' या संस्थेने मोटारच्या पेट्रोलचा पाठपुरावा केला तो केवळ काटकसरीपोटी नव्हे, हे लक्षात ठेवले पाहिजे. सेसना १५० वर दीर्घ चाचण्या घेऊन तिने १९८२ साली त्या विमानासाठी शासनाचे पूरक प्रमाणपत्र मिळविले. पुढे नेब्रास्कातील पीटरसन यांच्या कंपनीने इतर अनेक विमाने व इंजिने यांसाठी तशीच प्रमाणपत्रे मिळविली. सेसना १५० मध्ये यंत्रात काहीही बदलावे लागले नाही, टाकीच्या तोंडाशी सूचनापट्टी लावली की झाले. काही पायपर चेरोकी विमानांत मात्र इंधनपंपांची व्यवस्था बदलावी लागली. या फरकाच्या मुळाशी ऑक्टेन नाही, बाष्पदाब आहे. आणि नाशिकसारख्या उष्ण प्रदेशात अभ्यासकाचे लक्ष सर्वांत अधिक वेधून घ्यावयास हवे ते त्यानेच.

जुन्या मोटारींच्या काळी उन्हाळ्यात कसाऱ्याचा घाट चढताना गाडी अचानक बंद पडे आणि चालक पंपावर ओले फडके टाकून झाडाखाली बसे. नळीतील पेट्रोल उकळून तिचे बाष्प झालेले असे आणि द्रवासाठी बनविलेला पंप बाष्प ओढू शकत नसे. हाच बाष्पावरोध. विमानाला झाडाखाली थांबण्याची सोय नाही. विमान-पेट्रोलचा बाष्पदाब ३७.८ अंश सेल्सिअसला ३८ ते ४९ किलोपास्कल या अरुंद पट्ट्यात बांधलेला असतो. भारतीय मोटार-पेट्रोलला मानकाची कमाल मर्यादा ६० किलोपास्कल आहे. बाष्पीभवनाची उष्णता मोलमागे सुमारे ३० किलोज्यूल धरून क्लॉझियस-क्लेपिरॉन समीकरणाने स्थूल गणित मांडले तर पुढील चित्र दिसते. नाशिकच्या धावपट्टीवरील दाबाशी ६० किलोपास्कलचे मोटार-पेट्रोल सुमारे ५० अंशांना बरोबरी करील, ४५ किलोपास्कलचे विमान-पेट्रोल ५९ अंशांना. तीन हजार मीटर उंचीवर हवेचा दाब ७०१ हेक्टोपास्कल असतो. तेथे हेच आकडे अनुक्रमे ४२ आणि ५० अंश होतात. म्हणजे मोटार-पेट्रोलची जी स्थिती नाशिकच्या जमिनीवर होते ती विमान-पेट्रोलची तीन किलोमीटर वर गेल्यावर होते. प्रत्यक्षात बुडबुडे याहूनही थोडे आधी सुटू लागतात, कारण बाष्पदाब मोजण्याच्या प्रमाणित रीतीत काही हलकी द्रव्ये पात्रातील मोकळ्या जागेत अगोदरच निघून गेलेली असतात.

उन्हात तासभर उभ्या राहिलेल्या विमानाच्या पंखातील टाकी आणि नुकत्याच बंद केलेल्या इंजिनाशेजारची नळी यांची तापमाने ध्यानी घेता ५० अंश ही मोठी गोष्ट नव्हे. त्यातही टाकी कोठे आहे याला महत्त्व आहे. सेसनाचे पंख माथ्यावर असल्याने इंधन आपल्या भाराने खाली येते व नळीतील दाब बाहेरच्या हवेहून किंचित अधिकच राहतो. पंख खाली असलेल्या विमानात पंपाला इंधन वर शोषावे लागते. शोषणाच्या बाजूस दाब आणखी घटतो आणि उकळण्यास निमित्त मिळते. चेरोकीत पंपांची फेररचना का करावी लागली याचा उलगडा येथे होतो.

आतापर्यंतचे विवेचन शुद्ध हायड्रोकार्बन पेट्रोलला धरून झाले. या मर्यादेत पाहता जुन्या, सात गुणोत्तराच्या, माथ्यावर पंख असलेल्या विमानाला ८१ मोटर-अंकाचे भारतीय पेट्रोल तत्त्वतः चालण्यासारखे होते असे म्हणावे लागते. एथनॉल आल्यावर हे चित्र पालटते. वर उल्लेखिलेल्या अमेरिकन प्रमाणपत्रांत एथनॉलयुक्त पेट्रोलला स्पष्ट मनाई आहे, आणि तिला कारणे आहेत.

पहिले कारण पाणी. शुद्ध पेट्रोल पाण्याला आपल्यात घेत नाही. ते तळाशी बसते आणि उड्डाणापूर्वी टाकीच्या तळाची तोटी उघडून ते काढून टाकता येते. या नित्याच्या तपासणीवर वैमानिकाची सुरक्षितता पुष्कळ अंशी अवलंबून असते. एथनॉल पाण्याला धरून ठेवते, त्यामुळे पेला स्वच्छ दिसतो. तापमान उतरले की ही धारणशक्ती घटते, आणि एका मर्यादेनंतर पाणी व एथनॉल मिळून एकदम खाली उतरतात. पावसाळ्यातील दमट हवा टाकीच्या श्वासनळीतून रोज आत-बाहेर होते. हिवाळ्यात निफाडच्या कुंदेवाडीला पारा कधीकधी दोन-तीन अंशांपर्यंत घसरतो आणि उंचावर त्याहून खाली. म्हणजे मिश्रण फुटण्यास लागणाऱ्या दोन्ही गोष्टी याच जिल्ह्यात वर्षभरात घडतात. फुटलेल्या मिश्रणाचा खालचा थर इंजिनात गेला तर ते बंद पडेल. वरचा गेला तर त्याचा ऑक्टेन-अंक एथनॉल गेल्यामुळे उतरलेला असेल.

दुसरे कारण बाष्पदाब. एथनॉल एकटे ७८ अंशांना उकळते, तरी पेट्रोलमध्ये थोडे मिसळल्यास मिश्रणाचा बाष्पदाब वाढतो. ५ ते १० टक्क्यांच्या सुमारास तो सर्वाधिक, सुमारे ७ किलोपास्कलने अधिक, होतो. २० टक्क्यांना तो थोडा उतरतो, पण मूळ पेट्रोलच्या वरच राहतो. त्याखेरीज एथनॉलची बाष्पीभवन-उष्णता पेट्रोलच्या दुपटीहून अधिक असल्यामुळे कार्ब्युरेटरच्या कंठात तापमान जास्त घसरते आणि दमट हवेत तेथे बर्फ धरण्याचा संभव वाढतो. एकच द्रव एका ऋतूत उकळून आणि दुसऱ्या ऋतूत गोठवून इंजिन अडवू शकतो, हे चमत्कारिक वाटले तरी खरे आहे.

तिसरे, ऊर्जा आणि मिश्रणाचे प्रमाण. एथनॉलच्या लिटरमध्ये सुमारे २१ मेगाज्यूल ऊर्जा असते, पेट्रोलच्या लिटरमध्ये सुमारे ३२. २० टक्के मिश्रणात लिटरमागे जवळजवळ ७ टक्के घट येते. सेसना १५२ च्या टाक्यांत वापरण्याजोगे सुमारे ९३ लिटर इंधन मावते व तासाला अदमासे २३ लिटर खर्च होते. या घटीचा अर्थ सोळा-सतरा मिनिटांचे उड्डाण कमी झाले. दिवसा दृष्टिनियमांनी उडताना ३० मिनिटांचे इंधन राखीव ठेवण्याचा आंतरराष्ट्रीय प्रघात आहे. त्यातील निम्मा भाग काट्यावर काहीही न दिसता नाहीसा झाला असे समजावयाचे. पुन्हा, पेट्रोलच्या एका भागाला पूर्ण जळण्यास वजनाने १४.७ भाग हवा लागते, २० टक्के मिश्रणाला सुमारे १३.५ भाग. कार्ब्युरेटरचे छिद्र तेच राहिले तर मिश्रण सुमारे ८ टक्क्यांनी विरळ होते. आधुनिक मोटारीत संगणक हे ओळखून इंधन वाढवितो. विमानात मिश्रणाचा दांडा वैमानिकाच्या हाती असतो खरा, पण उड्डाणाच्या क्षणी तो आधीच पूर्ण पुढे लोटलेला असतो, आणि त्या क्षणी इंजिन थंड राखण्याचे काम हे दाट मिश्रणच करीत असते. एथनॉलच्या शीतक गुणाने याची काहीशी भरपाई होते; किती होते हे प्रत्येक इंजिनावर मोजूनच ठरेल.

रबरी वेष्टने, बुचाचे तरंगक, पंखातील टाक्यांचे सांधे बुजविणारी लुकणे आणि काचतंतूच्या टाक्या यांवरील परिणामांची चर्चा अन्यत्र पुष्कळ झालेली असल्याने येथे तिचा विस्तार अनावश्यक आहे. जुन्या विमानांत हे पदार्थ एथनॉलसाठी निवडलेलेच नव्हते, एवढे पुरे.

मोटारच्या पेट्रोलसाठीच जन्मलेल्या रोटॅक्स इंजिनांची स्थिती तरी बरी असावी, असे वाटेल. भारतीय वायुसेना, नौसेना व राष्ट्रीय छात्रसेना यांच्यासाठी २०१५ साली १९४ पिपिस्ट्रेल व्हायरस विमानांचा करार झाला, त्यांत ८० अश्वशक्तीचे रोटॅक्स आहे. बंगळूरच्या राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेचे हंसा विमानही रोटॅक्सवरच उडते. या इंजिनांना शिसे नकोसे असते. शिसेयुक्त पेट्रोल नियमितपणे वापरल्यास वंगणतेल दुप्पट वेळा बदलावे लागते. पण ९१२ मालिकेसाठी निर्मात्याच्या सूचनांनी एथनॉलची जी मर्यादा घातली ती १० टक्क्यांची. पंपावरचे पेट्रोल २० टक्क्यांवर गेल्यावर, ज्या इंजिनाला पंपावरचे पेट्रोल आवडते, त्यालाही भारतात ते वर्ज्य झाले.

ऊसकरी महाराष्ट्रात यावर एक प्रतिप्रश्न स्वाभाविक आहे : एथनॉल इतके वाईट असेल तर ब्राझीलमध्ये त्यावर विमान कसे उडते? एम्ब्राएर कंपनीचे इपानेमा हे पिकांवर फवारणी करणारे विमान २००४ साली केवळ एथनॉलवर चालण्यासाठी प्रमाणित झाले आणि त्यातील इंजिन लायकमिंगचेच आहे. परंतु तेथे इंधनमार्गातील पदार्थ बदलले, इंधनाचा पुरवठा वाढविला आणि कमी झालेला पल्ला गृहीत धरला. शेतावरून उडून शेतावर परतणाऱ्या विमानाला पल्ल्याची उणीव जाचत नाही. एथनॉलचा मोटर-अंक ९० च्या घरात असल्याने ऑक्टेनची अडचणही नव्हती. विमान इंधनासाठी घडविले, मग इंधन घातले, हा क्रम होता. पंपावरून डबा भरून आणणाऱ्याचा क्रम याच्या नेमका उलट असतो. विमानाच्या प्रमाणपत्रात व उड्डाणपुस्तिकेत लिहिलेल्या इंधनाखेरीज दुसरे इंधन नागरी विमानात वापरता येत नाही, या नियमामागील तर्कही हाच आहे.

आता पुन्हा पानेवाडीकडे वळणे इष्ट होईल. पाण्याच्या भीतीमुळेच एथनॉल लांब पल्ल्याच्या नळातून पेट्रोलबरोबर पाठविण्याची रीत नाही. ते साठवणकेंद्रावर, टँकर भरण्याच्या टप्प्यावर मिसळले जाते. म्हणजे माहूलहून पानेवाडीच्या टाकीत येऊन पडते तोवर पेट्रोल एथनॉलमुक्त असते. पानेवाडीपासून धुळ्याची धावपट्टी शंभर किलोमीटरांच्या आत आहे. मिश्रणापूर्वीचे पेट्रोल वेगळे काढून विमानतळाला द्यावे, ही कल्पना कागदावर आकर्षक आहे आणि ती सर्वथा त्याज्यही नाही. तिच्या आड मात्र दोन गोष्टी येतात. एथनॉल ऑक्टेन-अंक वाढवील हे गृहीत धरून मूळ पेट्रोल मुद्दाम कमी अंकाचे बनविणे शुद्धीकरण-कारखान्याला परवडते. अशा पेट्रोलातून एथनॉल वगळले तर उरते ते मोटारीलाही अपुरे. दुसरे असे की त्याच नळातून डिझेल व केरोसिनही एकामागून एक येतात आणि त्यांच्या सीमेवर थोडी सरमिसळ होते. मोटारला तिचे काही वाटत नाही. विमान-पेट्रोलच्या प्रत्येक खेपेसोबत तिच्या चाचणीचा दाखला कारखान्यापासून टाकीपर्यंत प्रवास करतो, आणि किमतीतील फरकाचा बराच भाग या दाखल्याचा असतो, हे टीकाकार सहसा विसरतात.

शिवाय धुळे-बारामतीच्या सेसना १५२ व १७२ या बहुतांशी साडेआठ गुणोत्तराच्या इंजिनांच्या आहेत. एथनॉलमुक्त असले तरी ८१ मोटर-अंकाचे पेट्रोल त्यांच्या कामाचे नाही. ज्या पुष्पक विमानांना ते चालले असते ती प्रशिक्षणातून केव्हाच निवृत्त झाली. तेव्हा प्रशिक्षणाचा खर्च कमी करण्याचा मार्ग मोटारच्या पेट्रोलातून जातो, ही समजूत या परिसरापुरती तरी सोडून द्यावी लागेल. शिशाचा प्रश्न मात्र उरतोच. विमानाचे शिसे धावपट्टीभोवतीच्या वस्तीवर पडते. कॅलिफोर्नियातील रीड-हिलव्ह्यू विमानतळाने याच कारणास्तव जानेवारी २०२२ मध्ये शिसेयुक्त पेट्रोलची विक्री थांबविली. स्वीडनमध्ये ९१/९६ दर्जाचे शिसेविरहित विमान-पेट्रोल १९९१ पासून विकले जात आले आहे. अमेरिकेत सप्टेंबर २०२२ मध्ये १०० ऑक्टेनच्या एका शिसेविरहित पेट्रोलला सर्व ठिणगी-इंजिनांसाठी मान्यता मिळाली, आणि २०३० च्या अखेरीस शिसे संपविण्याचे उद्दिष्ट तेथील उद्योगाने व शासनाने मिळून ठरविले आहे.

हा बदल निर्वेध होईल असे मात्र नाही. नॉर्थ डाकोटा विद्यापीठाने २०२३ च्या उन्हाळ्यात आपली प्रशिक्षण-विमाने ९४ ऑक्टेनच्या शिसेविरहित पेट्रोलवर नेली आणि ऑक्टोबरमध्ये ती पुन्हा १०० एलएलवर आणली, कारण बहिर्गामी झडपांची आसने झिजत असल्याचे तपासणीत आढळले. शिशाचा पातळ थर आसनाला मऊ गादीसारखा संरक्षण देत असे, तो नाहीसा झाला की काय, आणि पेट्रोलमधील सुवासिक हायड्रोकार्बनांचे कमी प्रमाण यात किती जबाबदार, यावर अभ्यासकांत चर्चा झाली. झडपेचा ठरावीक तासांनी मोजलेला खोलपणा, सिलिंडरच्या माथ्याचे तापमान आणि वापरलेल्या वंगणतेलातील धातूंचे विश्लेषण, ही तीन मापने कोणत्याही प्रशिक्षणसंस्थेच्या कार्यशाळेत आणि जवळच्या विद्यापीठाच्या रसायन-विभागात मिळून घेता येतात. एथनॉल ओळखण्याची परीक्षा तर त्याहून सोपी : अंशांकित नळकांड्यात १० मिलिलिटर पाणी व त्यावर ९० मिलिलिटर पेट्रोल घालून हलवावे आणि स्थिर होऊ द्यावे, खालचा थर १० वरच राहिला तर एथनॉल नाही, वाढला तर जितका वाढला तितके एथनॉल स्थूलमानाने त्या पेट्रोलात होते.